बाळाचे गुलाबी हात आणि चिमूटभर पांढरी पूड

१/ विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंड, ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेतील बालरुग्णालयांत एक विलक्षण आजार दिसत असे. वर्षभराचे बाळ. तळहात आणि तळपाय गुलाबी, सुजलेले, पण स्पर्शाला गार. अंगभर घामोळ्यासारखे पुरळ आणि न थांबणारी खाज. या आजाराचे कारण शोधण्यात वैद्यकाची सुमारे चाळीस वर्षे गेली. ते कारण असंख्य घरांत औषधांच्या फळीवर, कागदाच्या लहानशा पुडीत ठेवलेले होते. ‘गुलाबी आजारा’चा हा इतिहास. (थ्रेड)

२/ प्रथम लक्षणे नीट पाहू, कारण पुढचे सारे कोडे त्यांतच दडलेले आहे. आजार साधारणतः चार-सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंतच्या मुलांना होई. आधी बाळ चिडचिडे होई, दूध आणि अन्न नाकारी, झोप उडे. मग हातापायांना लाली येई, कातडीचे पापुद्रे सुटत. बाळ हातपाय एकमेकांवर घासत राही, स्वतःचे केस ओढी. घाम इतका येई की कपडे भिजून जात. उजेड सहन न झाल्याने ते उशीत तोंड खुपसून पडे.

३/ याखेरीज नाडी जलद चाले, रक्तदाब वाढे आणि स्नायू ढिले पडत. चालू लागलेले मूल पुन्हा चालेनासे होई. गंभीर अवस्थेत दात हलून गळून पडत. आजार महिनोन्महिने टिके. बहुतेक मुले हळूहळू बरी होत. पण अशक्त झालेल्या देहाला न्यूमोनियासारखा संसर्ग गाठी आणि अनेक मुले त्यात दगावत. या बाळांचे दुःख पाहणे असह्य होते, हा भाव त्या काळातील डॉक्टरांच्या लेखनात वारंवार आढळतो.

४/ १९०३ मध्ये जर्मनीतील डॉक्टर पाउल सेल्टर यांनी या आजाराचे वर्णन केले. १९१४ मध्ये ऑस्ट्रेलियातील अ‍ॅडलेडचे डॉक्टर हॅरी स्विफ्ट यांनी ऑकलंडच्या वैद्यकीय परिषदेत असेच रुग्ण मांडले. १९२० च्या दशकात झुरिकचे एमिल फेअर यांनी त्यावर सविस्तर लिहिले. परिणामी एकाच आजाराला अनेक नावे पडली: स्विफ्टचा आजार, फेअरचा आजार, एरिथ्रीडीमा, अ‍ॅक्रोडिनिया. सामान्य लोकांत मात्र ‘पिंक डिसीज’ हेच नाव रूढ झाले.

५/ नावे वाढली, तरी कारण सापडेना. काहींना हा संसर्ग वाटला. पण एका घरातील एका मुलाला तो होई आणि शेजारी झोपणाऱ्या भावंडाला होत नसे. काहींना जीवनसत्त्वांचा अभाव वाटला, कारण त्वचेची अवस्था पेलाग्रा या कुपोषणजन्य रोगाची आठवण करून देई. पण सुस्थितीतील, चांगल्या पोसलेल्या मुलांनाही तो होत होता. फेअर यांनी स्वायत्त मज्जासंस्थेचा बिघाड मानला. ते लक्षणांचे अचूक वर्णन होते. बिघाड कशाने झाला, हा प्रश्न उरलाच.

६/ उत्तर समजून घेण्यासाठी थोडे मागे, ‘दात येण्या’च्या इतिहासात जावे लागते. बाळाला दात येऊ लागले की ताप, जुलाब, आकडी, पुरळ असे काहीही होऊ शकते, हा समज अतिप्राचीन आहे. ‘दात येताहेत, म्हणून कुरकुरतोय’ हे वाक्य मराठी घरांनाही अपरिचित नाही. युरोपात मात्र या समजाने भयाचे रूप घेतले. दात येणे हे केवळ त्रासाचे नव्हे, तर मृत्यूचेही कारण मानले जाऊ लागले.

७/ सोळाव्या शतकातील विख्यात फ्रेंच शल्यविशारद आंब्रुआझ पारे यांनी नेव्हर्सच्या ड्यूकच्या आठ महिन्यांच्या मृत बाळाची हकिकत लिहून ठेवली आहे. शवाच्या हिरड्या कापल्या असता आत दात तयार होते. वेळीच हिरडी चिरली असती तर बाळ वाचले असते, असा निष्कर्ष निघाला. त्यानंतर जवळपास तीन-चार शतके युरोपातील डॉक्टर तान्ह्या मुलांच्या हिरड्या चाकूने चिरत राहिले.

८/ एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये मृत्यूंची नागरी नोंदणी सुरू झाली. १८३९ या एका वर्षात इंग्लंड आणि वेल्समध्ये पाच हजारांहून अधिक मृत्यूंचे कारण ‘दात येणे’ असे नोंदवले गेले. या आकड्याकडे सावधपणे पाहिले पाहिजे. त्या काळात जन्मलेल्या दर हजारातील सुमारे दीडशे मुले पहिला वाढदिवस पाहत नसत. दूषित पाणी, नासके दूध, जुलाब आणि साथी ही त्यामागची खरी कारणे. पण मुले मरत त्याच वयात दातही येत, म्हणून दोष दातांवर गेला.

९/ दोन घटना एकाच वेळी घडल्या की एक दुसरीचे कारण वाटू लागते. इतिहासाच्या विद्यार्थ्याला हा सापळा परिचित असतो. इथे त्या सापळ्याने बाजारपेठ उभी केली. दात येणे घातक असेल, तर त्यावर औषध हवेच. असे औषध तयार होतेच. बाळाची चिडचिड शमवणारी, पोट साफ करणारी ‘टीदिंग पावडर’ कागदी पुड्यांत विकली जाऊ लागली.

१०/ या पुडीतील कार्यकारी द्रव्य होते कॅलोमेल, म्हणजे मर्क्युरस क्लोराइड. पाऱ्याचे एक संयुग. रसकापूर या नावाने आपल्याकडे ओळखली जाणारी द्रव्ये याच कुळातली. ‘कॅलोमेल’ हा शब्द ग्रीकमधील ‘सुंदर’ आणि ‘काळे’ या दोन शब्दांपासून आल्याचे मानतात. पूड मात्र शुभ्र असते. अमोनियाचा स्पर्श झाला की ती काळी पडते. तिला चव जवळपास नसते आणि ती रेचक आहे. तान्ह्या बाळाच्या जिभेवर चिमूटभर ठेवायला याहून सोयीची वस्तू मिळणे कठीण होते.

११/ आज पाऱ्याचे नाव काढताच धडकी भरते. तेव्हा तसे नव्हते. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत कॅलोमेल हे वैद्यकातील सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या औषधांपैकी एक होते. १८६३ मध्ये, अमेरिकन यादवी युद्ध चालू असताना, लष्कराचे सर्जन जनरल विल्यम हॅमंड यांनी अतिवापरामुळे ते लष्करी औषधांच्या यादीतून काढून टाकले. डॉक्टरांमध्ये इतका क्षोभ उसळला की तो प्रसंग ‘कॅलोमेलचे बंड’ म्हणून ओळखला जातो. पुढच्याच वर्षी लष्करी न्यायालयाच्या निकालाने हॅमंड यांना पद गमवावे लागले. त्यामागे इतर राजकारणही होते.

१२/ इंग्लंडमध्ये सर्वांत प्रसिद्ध झाली ती जॉन स्टीडमन यांच्या नावाने विकली जाणारी पावडर. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभापासून विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ती घराघरांत पोहोचली. नावाशी साधर्म्य असलेली दुसरी पावडरही बाजारात असल्याने, आपल्या नावात ‘ई’ हे अक्षर दोनदा येते, हे जाहिरातींतून बजावले जाई. मातांसाठी सल्ल्याच्या पुस्तिकाही वाटल्या जात. ब्रिटिश वसाहतींबरोबर अशा पुड्या सातासमुद्रापार गेल्या. गुलाबी आजाराचे रुग्ण ऑस्ट्रेलियात इतक्या संख्येने का दिसले, याचा उलगडा यातून होतो.

१३/ पारा एकट्या पुडीतून येत नव्हता. जंतांवर कॅलोमेल दिले जाई. त्वचेवरील फोड, इसब आणि लंगोटाने आलेले पुरळ यांवर पाऱ्याचे पांढरे मलम चोळले जाई. काही ठिकाणी लंगोट धुताना अखेरच्या पाण्यात पाऱ्याचे संयुग जंतुनाशक म्हणून घालत. म्हणजे खाज शमवण्यासाठी लावलेले मलमच काही मुलांत अधिक भयंकर खाज निर्माण करत होते. पुरळ वाढले की मलम पुन्हा लावले जाई.

१४/ आता कोड्याच्या उकलीकडे वळू. जोसेफ वॉरकनी हे व्हिएन्नात जन्मलेले बालरोगतज्ज्ञ १९३२ मध्ये अमेरिकेतील सिनसिनाटी येथील बालरुग्णालयाच्या संशोधन संस्थेत आले. जन्मजात व्यंगांच्या अभ्यासासाठी ते पुढे जगप्रसिद्ध झाले. अ‍ॅक्रोडिनियाची बाळे त्यांनी पाहिली होती. या आजारामागे एखादे विष असावे, अशी शंका त्यांना आली आणि रुग्णांच्या लघवीत जड धातूंचा शोध घ्यायचे ठरले.

१५/ त्याच शहरात केटरिंग प्रयोगशाळा होती. कारखान्यांतील कामगारांना होणाऱ्या विषबाधांचा अभ्यास हे तिचे मुख्य काम. तेथील रसायनशास्त्रज्ञ डोनाल्ड हबर्ड यांनी लघवीतील अत्यल्प पारा मोजण्याची पद्धत काही वर्षांपूर्वीच विकसित केली होती. १९४५ मध्ये अ‍ॅक्रोडिनिया झालेल्या एका मुलाच्या लघवीत त्यांना पारा आढळला, आणि तोही लक्षणीय प्रमाणात. कामगारांसाठी घडवलेले साधन पाळण्यातील बाळाच्या कामी आले.

१६/ एका रुग्णावरून सिद्धांत उभा राहत नाही. दोघांनी आणखी रुग्ण तपासले. बहुतेकांच्या लघवीत पारा सापडला. मग चौकशी उलट दिशेने सुरू झाली: हा पारा बाळाच्या पोटात गेला कसा? पालकांना खोदून विचारल्यावर टीदिंग पावडर, जंताचे औषध, मलम, लंगोटाचे पाणी अशी उत्तरे येऊ लागली. १९४८ मध्ये ‘लॅन्सेट’ या ब्रिटिश नियतकालिकात त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. १९४७ मध्येच झुरिकच्या ग्विडो फॅन्कोनी आणि सहकाऱ्यांनीही कॅलोमेल आणि या आजाराचे नाते स्वतंत्रपणे मांडले होते.

१७/ तरीही वैद्यकविश्वाने हा निष्कर्ष लगेच स्वीकारला नाही. आक्षेप वरकरणी बिनतोड होता. लक्षावधी मुलांनी ही पूड खाल्ली. मग आजार मोजक्यांनाच का? पारा पोटात गेलेल्या सुमारे ५०० मुलांपैकी एकालाच आजार होत असावा, असा अंदाज पुढे मांडला गेला. प्रत्येक आईच्या अनुभवात पूड निरुपद्रवी होती. शेजारणीचे मूल, थोरले भावंड, स्वतः आई लहान असताना, सर्वांनी ती घेतली होती आणि सर्व ठणठणीत होते.

१८/ या विषमतेचे मूळ व्यक्तीव्यक्तीतील संवेदनशीलतेच्या फरकात असावे, असे आज मानले जाते. लक्षणांचा अर्थही आता लागतो. अ‍ॅड्रेनलिनसारखी उत्तेजक द्रव्ये शरीरात वापरून झाल्यावर एका विकराच्या साहाय्याने मोडली जातात. पारा या प्रक्रियेत अडथळा आणतो. द्रव्ये साचत राहतात. म्हणून नाडी धावते, रक्तदाब चढतो, घाम फुटतो, झोप उडते. फेअर यांना जाणवलेला मज्जासंस्थेचा बिघाड हाच होता.

१९/ मग चाळीस वर्षे हे कोणाच्या लक्षात का आले नाही? रुग्णालयातील केसपेपरवर बाळाचे वजन, आहार, आधीचे आजार, डॉक्टरांनी दिलेली औषधे असे सारे नोंदलेले असे. टीदिंग पावडर त्यात नसे. आईच्या लेखी ते ‘औषध’ नव्हतेच. घुटी द्यावी, तीट लावावी, तशी ती बाळाच्या संगोपनातील रोजची बाब होती. डॉक्टरांनाही ती इतकी परिचित होती की त्यांनी विचारले नाही, आणि विचारले नाही म्हणून आईने सांगितले नाही.

२०/ वेळेचाही घोळ होता. पूड घेणे आणि आजार दिसणे यांत काही आठवडे जात. तोवर पूड विस्मरणात गेलेली असे. शिवाय आजाराची पहिली लक्षणे, म्हणजे चिडचिड, लाळ, निद्रानाश, ही दात येण्याचीच लक्षणे मानली जात. त्यामुळे उपाय म्हणून पुन्हा पुडी उघडली जाई. कारणाने परिणाम घडवावा आणि परिणामाने पुन्हा कारणालाच बोलावणे धाडावे, असे हे दुष्टचक्र होते.

२१/ त्या मातांना दोष देणे सोपे आहे आणि अन्यायाचेही. रात्रभर रडणारे बाळ, कामावर जाणारा नवरा, डॉक्टरची फी न परवडणारे घर आणि हाताशी काही पेन्सची पुडी, ही अनेक कामगार कुटुंबांची परिस्थिती होती. पुडी दुकानात राजरोस मिळत होती आणि अनेक डॉक्टरही कॅलोमेल लिहून देत होते. तिला अपाय म्हणायला त्या आईपाशी कोणताच आधार नव्हता. ज्यांच्यापाशी तो असायला हवा होता, त्यांनी तो शोधला नव्हता.

२२/ अखेर पुरावा साचत गेला. १९५४ च्या सुमारास ब्रिटनमधील प्रमुख उत्पादकांनी टीदिंग पावडरमधून पारा काढून टाकला. इतर देशांतही वापर घटला. त्यानंतर काही वर्षांतच गुलाबी आजार रुग्णालयांतून जवळजवळ नाहीसा झाला. लस नाही, नवे औषध नाही. एक घटक वगळताच अर्ध्या शतकाचा आजार ओसरला. पारा हेच कारण, याचा सर्वांत ठोस पुरावा या ओसरण्यानेच दिला. पण तोपर्यंत एकट्या इंग्लंड आणि वेल्समध्ये शेकडो मुलांचे मृत्यू या आजाराच्या नावे नोंदले गेले होते.

२३/ उपचारांच्या इतिहासातील एक धागा इथे येऊन मिळतो. दुसऱ्या महायुद्धात ल्युइसाइट या आर्सेनिकयुक्त युद्धवायूवर उतारा म्हणून ऑक्सफर्डमधील शास्त्रज्ञांनी एक रसायन तयार केले होते. ते ‘ब्रिटिश अँटी-ल्युइसाइट’ म्हणून ओळखले जाई. जड धातूंना बांधून शरीराबाहेर नेण्याचा त्याचा गुण लक्षात आल्यावर ते गुलाबी आजाराच्या बाळांनाही देऊन पाहण्यात आले. फळ संमिश्र मिळाले. आजार टाळणे हाच खरा उपाय ठरला.

२४/ पारा मात्र वेगळ्या वाटांनी पाळण्यापर्यंत येतच राहिला. १९८० च्या सुमारास अर्जेंटिनातील ब्युनोस आयरेस येथे एका व्यावसायिक लाँड्रीने लंगोटांसाठी पाऱ्याचे बुरशीनाशक वापरले आणि हजारो बाळांचा त्याच्याशी संपर्क आला. १९८९ मध्ये अमेरिकेतील मिशिगन राज्यात चार वर्षांच्या एका मुलाला अ‍ॅक्रोडिनिया झाला. घराच्या भिंतींना नुकताच दिलेला रंग त्याचे कारण होता. रंग टिकावा म्हणून त्यात पाऱ्याचे संयुग घातले होते. १९९० मध्ये घरातील अशा रंगांत पारा घालणे तेथे बंद झाले.

२५/ आपल्याकडे मागच्या पिढीने गुडघा फुटल्यावर लावलेले ‘लाल औषध’, म्हणजे मर्क्युरोक्रोम, हेदेखील पाऱ्याचेच संयुग. आज मुख्य धोका आहे तो गोरेपणाच्या बेकायदा क्रीमचा. त्यातील पारा लावणाऱ्या आईच्या हातांवरून, उशीवरून, टॉवेलवरून बाळापर्यंत पोहोचू शकतो. २०१३ च्या मिनामाता कराराने सौंदर्यप्रसाधनांतील पाऱ्याच्या वापरावर निर्बंध आणले. भारताने २०१८ मध्ये या कराराला मान्यता दिली. वेष्टनावर ‘कॅलोमेल’, ‘मर्क्युरस’ किंवा ‘मर्क्युरिक’ असे शब्द दिसले, किंवा घटकांची यादीच नसली, तर ती वस्तू बाळाच्या घरात ठेवू नये.

२६/ बाळाच्या अंगावरील प्रत्येक पुरळामागे पारा असतो, असा याचा अर्थ मुळीच नाही. बहुतेक वेळा ते घामोळे असते, ओल्या लंगोटाने आलेली लाली असते किंवा इसब असतो. आणि ते टिकले तर डॉक्टरांना दाखवावे, हे उघड आहे. गुलाबी आजाराचा इतिहास शिकवतो तो वेगळा धडा: जी गोष्ट सर्वांच्या घरी असते, ती दस्तऐवजात सहसा नसते.

२७/ इतिहासाच्या अभ्यासकाला हे नित्य जाणवते. दुष्काळाची, लढाईची, राज्यारोहणाची नोंद होते. चुलीवर काय शिजले आणि बाळाच्या जिभेवर काय ठेवले, हे कोणी लिहून ठेवत नाही. सिनसिनाटीत लघवीतील पाऱ्याचा आकडा हाती आल्यावरच पालकांना तो नेमका प्रश्न विचारला गेला, आणि चाळीस वर्षे न लिहिलेली गोष्ट कागदावर आली. आज बालरोगतज्ज्ञ पुरळ आलेल्या बाळाला तपासताना हमखास विचारतात, ‘घरी काय देता? अंगाला काय लावता? कपडे कशात धुता?’ या साध्या प्रश्नांमागे त्या गुलाबी हातांच्या बाळांचा इतिहास आहे. (समाप्त)